एक्केचाळिसावा थर

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत जातो, आणि दर नोव्हेंबरात तिथलं ते काळं डबडं मला ओळखायला नकार देतं. अंगठा कसाबसा चालतो. उजव्या हाताची तर्जनी किंवा मधलं बोट ठेवलं की लाल दिवा. काउंटरवरची मुलगी म्हणते, "अंकलजी, हाथ धो के आइए." दोनदा धुऊन आलो. तिसऱ्यांदा तिला सांगितलं की बेटा, धुण्यासारखं तिथे काही उरलेलंच नाही. वर्षानुवर्षं ही दोन बोटं ओल्या कापडावर घासली आहेत, ठसे कुठून राहणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा म्हातारा धोबी असावा की शिंपी, असा प्रश्न तिला पडला असणार.

मी जबलपूरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "मशीनवाल्या नोकरीतले गमतीदार किस्से" लिहा, असा निरोप आला. किस्से आहेत, सांगतो. पण सगळे किस्से एकाच गोष्टीपाशी जाऊन थांबतात आणि ती काही गमतीची नाही. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझे वडील भंडाऱ्याहून येऊन खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. मीही तिथेच चिकटावं ही त्यांची इच्छा. भोंगा वाजला की माणूस घरी येतो, असं ते म्हणत. मी विद्यापीठात कंत्राटी लागलो तेव्हा शेजाऱ्यांना ते सांगत, "पोरगा बाटल्या धुते." खोटं नव्हतं. पहिली तीन-चार वर्षं मी बाटल्याच धुतल्या. मग छत्तीसगड वेगळं झालं, आमच्या विभागातली दोन माणसं तिकडे गेली, त्यांची खोली रिकामी झाली आणि त्या खोलीत आमचं मशीन आलं. मशीनबरोबर देशकर मॅडम आल्या.

मॅडम मूळच्या वर्ध्याच्या. सगळा विभाग हिंदीत बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी "गजभिये" म्हणताच त्या मराठीवर आल्या ते शेवटपर्यंत. मला "तुम्ही" म्हणणाऱ्या विभागात त्या एकट्याच.

आता मशीन काय करायचं ते सांगतो. आगीजवळ हात नेला की जी ऊब लागते, तोही एक प्रकारचा उजेडच असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त म्हणतात. प्रत्येक पदार्थाचा कण त्या उजेडातला आपला आपला ठरलेला वाटा गिळतो. परत आलेल्या उजेडात काय कमी आहे ते पाहिलं की तिथे कोण बसलं होतं ते कळतं. मॅडमना पाहायचं होतं ते असं: मुंगी चावली की जे आम्ल आपल्या कातडीत जातं, त्याच आम्लाच्या पाण्यात धातूचा पत्रा ठेवून वीज दिली की आम्लाचा वायू होऊन जातो. आम्ल माहीत, वायू माहीत. पण मधे, धातूला चिकटून, क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरता कोणीतरी एक उभा असतो. तो कोण? मॅडमच्या आयुष्याचा हा एवढाच प्रश्न होता. मी एकदा विचारलं की हे कळून काय होणार. त्या म्हणाल्या, "मिथेनॉलवर, अ‍ॅसिडवर गाड्या चालतील कधीतरी. पण खरं सांगू? मला फक्त त्याला पाहायचं आहे."

अडचण पाण्याची. पाणीच सगळा उजेड गिळून टाकतं. म्हणून पाण्यातून न बघता खालून बघायचं. बोटाच्या पेराएवढा सिलिकॉनचा प्रिझम, त्याच्या सपाट पाठीवर सोन्याचा पातळ थर, आणि त्या थरावर आम्ल. उजेड खालून येतो, थराला शिवतो आणि खालूनच परत जातो. थर किती पातळ? केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातला एक. प्लॅटिनमचा थर आमच्याकडे टिकत नसे म्हणून सोनं. हा थर देण्याचं काम माझं. आधी प्रिझम भुकटीने घासायचा, मग काच खाणाऱ्या आम्लात क्षणभर बुडवायचा, मग सोन्याच्या कोमट द्रावणात मिनिटभर. जास्त झालं की जाड, कमी झालं की तुटक. सराफ्यात मला कोणी उभं केलं नसतं, पण एवढ्याशा सोन्यात एवढं काम माझ्याइतकं शहरात कोणाला येत नव्हतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

आणि तो मधला पाहुणा एकदा पाहून दिसत नाही. विजेचा झटका द्यायचा, पाहायचं, मागे यायचं, पुन्हा झटका. हजारो वेळा. सगळ्याची बेरीज केली की कागदावर एक रेघ उमटते. तेवढ्या झटक्यांत बहुतेक थर पापुद्र्यासारखे सुटून पाण्यात तरंगायचे. मग पुन्हा पहिल्यापासून.

मशीनचा डोळा, म्हणजे परतलेला उजेड टिपणारा भाग, भयंकर गार ठेवावा लागायचा. त्यासाठी लागणारा द्रवरूप नायट्रोजन शहरात मिळायचा तो गुरांच्या दवाखान्यात, वळूंचं बीज गोठवून ठेवतात तिथे. दर आठवड्याला मी स्कूटरच्या पायाशी तो कॅन ठेवून आणायचो. झाकणातून पांढरा धूर निघायचा. एकदा ओमतीच्या चौकात हवालदाराने अडवलं. यात काय आहे? मी म्हटलं, हवा, साहेब. गार हवा. कुठून आणली? बैलांकडून. त्याने मला ठाण्यात नेऊन बसवलं. शेवटी मॅडम आल्या, कॅनमध्ये गुलाबाचं फूल बुडवलं आणि टेबलावर आपटून त्याचा चुरा केला. सगळं ठाणं गोळा झालं. परत निघताना हवालदार मला म्हणाला, "भैया, अगली बार गुलाब साथ में रखना."

कमानिया गेटचा एक खव्याचा व्यापारीही आठवतो. शेजारचा दुकानदार खव्यात पीठ घालतो, मशीनमध्ये पकडून द्या, म्हणून दोन्ही दुकानांचे नमुने घेऊन आला. असलं काम आमचं नव्हे, पण मॅडमना मोह झाला. पीठ निघालं ते त्याच्याच नमुन्यात. त्याने जराही न गडबडता विचारलं, "दीदी, मशीन नई है क्या?"

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती पायरी. माणसाच्या श्वासातला वायू आणि आमच्या आम्लातून निघणारा वायू एकच. खोलीत कोणी बोललं, सुस्कारा टाकला, तरी कागदावर खोटी रेघ यायची. म्हणून मोजणी सुरू केली की मॅडम आणि मी बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसायचो. आत मशीन एकटं. बाहेर आम्ही. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने दिलेल्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या मी काढायचो, मॅडम चिवडा काढायच्या. घरी मुलं मराठी समजत, पण उत्तर हिंदीत देत. मराठीत पोटभर बोलणं व्हायचं ते त्या पायरीवर. मला तिथे परत जायचं आहे. हे असं सरळ लिहिताना या वयात जरा लाज वाटते, पण दुपारी डोळा लागला की मी तिथेच असतो आणि आत मशीन गुणगुणत असतं.

मॅडमचा एक नियम होता. एकदा दिसलं ते दिसलं नाही. तीनदा दिसलं तर दिसलं. विद्यार्थी या नियमाने रडकुंडीला यायचे.

माझाही एक नियम होता, तो कोणाला माहीत नव्हता. प्रिझम घासायला घड्याळ लावायला मला आवडत नसे. आईने लहानपणी शिकवलेली वंदना, त्रिशरण आणि पंचशील, मी मनात सावकाश म्हणायचो आणि हात आठच्या आकड्यात फिरत राहायचा. पाचवं शील संपलं की घासणं संपलं. त्यामुळे माझे थर एकसारखे येत. मॅडम विद्यार्थ्यांना सांगायच्या, "गजभियेंच्या हातात घड्याळ आहे." मी गप्प. खोलीत बोलायचं नसतं हे एक बरं होतं.

आता ती गोष्ट.

आमच्याकडे असे दोनच प्रिझम होते. बाहेरून यायला आठ महिने लागले होते. त्या सकाळी मी थर क्रमांक एक्केचाळीससाठी प्रिझम धूत होतो आणि तो हातातून निसटून नळाला लागला. तुटला नाही. पाठीवर एक ओरखडा आला, नखाला लागेल एवढा. माझं कंत्राट दरवर्षी मार्चमध्ये मॅडमच्या सहीने वाढायचं. त्या वर्षी धाकटी नुकतीच झाली होती आणि मार्च तोंडावर होता. आज वाटतं, मॅडम काही बोलल्या नसत्या. पण भीती विचारून येत नाही.

मी प्लॅटिनमच्या चकत्या घासायची जाडी भुकटी काढली. प्रिझमला ती कधीच लावत नाहीत. ओरखडा जाईपर्यंत घासायचं ठरवलं, आणि सवयीने वंदना सुरू झाली. मॅडम एरवी अकराला यायच्या, त्या दिवशी साडेदहालाच जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला. मी हात थांबवला. ओरखडा जवळजवळ गेला होता. बारीक भुकटीने परत घासायला वेळ नव्हता. तसाच बुडवला, तसाच थर दिला. रजिस्टरमध्ये दर थरापुढे "घासणी" असा रकाना असायचा. त्यात मी लिहिलं, नेहमीप्रमाणे.

त्या दुपारी तो दिसला.

थर सुटला नाही. दुपार सरली, तरी जागचा हलला नाही. एरवी जी रेघ कुसळाएवढी यायची ती चौपट-पाचपट उंच आली, आणि वायूची रेघ उठायच्या आधी, दुसऱ्याच जागी, एक छोटा उंचवटा आला, वाढला आणि वायू येताच विरून गेला. मॅडमनी मला खोलीत बोलावलं. नियम मोडून त्या मोठ्याने बोलल्या, "गजभिये, हा पाहा. हा उभा आहे." त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं झाली, पण एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. माझ्या मुलींच्या लग्नातसुद्धा नाही.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, उद्या बेचाळिसावा थर द्या. अगदी नेहमीप्रमाणे.

बेचाळिसाव्यात काही आलं नाही. त्रेचाळीस सुटला. पन्नासही सुटला. आठवड्याभरात माझ्या मनात पाल चुकचुकली की हे त्या जाड्या भुकटीचं काम असणार. खडबडीत पाठीवर सोनं वेगळं बसलं असणार. सांगायला हवं होतं. पण आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, ओरखडा आणि रजिस्टरमधलं खोटं. मी ठरवलं, आपणच चोरून करून पाहू, जमलं तर मग सांगू. मॅडम नसताना दुसरा प्रिझम जाड्या भुकटीने घासला, तीन-चारदा तरी. पण चोरून करताना वंदना म्हणवेना. पहिल्या ओळीशीच तोंड बंद व्हायचं. मग किती घासायचं ते कळेना, दहा-दहा मिनिटं घासत सुटलो. थर सगळे सुटले. मी स्वतःला समजावलं की मग भुकटीचं कारण नसेलच. माणूस स्वतःला किती लवकर पटवतो. तेव्हापासून मी घासताना घड्याळ लावू लागलो.

मॅडमनी दोन वर्षं प्रयत्न केला. पाणी बदललं, आम्ल बदललं, झटक्याची वेळ बदलली. एकदा दिसलेलं त्यांनी कुठेही छापायला पाठवलं नाही. त्यांचा नियम. मग एक दिवस त्या एक नियतकालिक घेऊन पायरीवर आल्या. दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेने तोच उंचवटा, त्याच जागी, पुन्हा पुन्हा पाहिला होता. मॅडमनी मला आकृती दाखवली आणि म्हणाल्या, "चला, कोणाला तरी भेटला." एवढंच. मग सांभारवडी घेतली, ती तोंडापर्यंत गेली नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्यांच्याच प्रयत्नांनी मी पुढे कायम झालो. त्या निवृत्त होऊन नागपूरला भाचीजवळ राहायला गेल्या. मशीन काही वर्षं चाललं, मग बिघडलं, मग त्यावर लोक डबे ठेवू लागले. माझ्या निवृत्तीच्या आधी ते भंगारात गेलं. त्याच्याबरोबर पोत्यात टाकलेलं थरांचं रजिस्टर मी उचलून घरी आणलं. सरकारी मालमत्ता होती खरी, पण उंदरांनी आधीच सुरुवात केली होती.

ते रजिस्टर घरात असताना मला झोप येईना. सुनंदाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मले काहून सांगून राहिले? जिले सांगाचं तिले सांगा."

गेल्या थंडीत नागपूरला गेलो. मॅडम आता काठी घेऊन चालतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. भाची कामावर गेली होती. मी चहा संपायच्या आत सगळं सांगून टाकलं, नळापासून चपलांच्या आवाजापर्यंत, आणि रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. त्यांनी एक्केचाळिसाव्या थराच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोन वर्षं, गजभिये," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी समजून राहिली होती की माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं. काही दिसलंच नव्हतं, मला पाहायचं होतं म्हणून दिसलं. त्या दूरदेशीच्या लोकांना भेटला तो खरा, मला दिसला तो भास, आजपर्यंत तेच समजून होती."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. हे काही मी धरून आलो नव्हतो. मी कशीबशी माफी मागितली.

मग त्यांनी विचारलं, "भुकटी कोणती?"

मी सांगितलं.

"आणि किती वेळ घासलं?"

"आठवत नाही, मॅडम."

"आठवत नाही कसं? तुमच्या हातात घड्याळ होतं ना?"

तेव्हा वंदनेचंही सांगितलं. त्या काठी टेकत आत गेल्या आणि मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी आणि ओला नॅपकिन घेऊन आल्या. नॅपकिन टेबलावर पसरला, वाटी त्यावर उपडी ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी केलं तसं करा."

मी दोन बोटं वाटीवर ठेवली. इतक्या वर्षांनी वंदना सुरू केली, पहिली ओळ अडखळत आणि मग पाण्यासारखी. हात आठच्या आकड्यात फिरू लागला. नळ आठवला, भुकटीचा वास आठवला, धाकटीचं रडणं आठवलं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याशी हात आपोआप थांबला. चपला तिथेच वाजल्या होत्या. चौथं शील खोटं न बोलण्याचं. याला मी योगायोग म्हणतो, सुनंदा म्हणत नाही.

"दोन मिनिटं, दहा सेकंद," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

दुसऱ्यांदा दोन मिनिटं आणि पंधरा. नॅपकिनवर हळदीचा पिवळा आठ उमटला होता. मी म्हटलं, मॅडम, आता मशीन भंगारात गेलं, हे घेऊन करायचं काय? त्या न ऐकल्यासारखं करून म्हणाल्या, "पुन्हा."

तिसऱ्यांदा हात त्याच जागी थांबला. मी डोळे उघडले तेव्हा मॅडम रजिस्टरवर वाकल्या होत्या. एक्केचाळिसाव्या थरापुढचं माझं "नेहमीप्रमाणे" त्यांनी एका सरळ रेघेने खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: जाडी भुकटी, दोन मिनिटे दहा सेकंद, हात गजभिये यांचा. खाली सही केली आणि शेजारच्या कागदावरचे तिन्ही आकडे मला दाखवले.

"तीनदा," त्या म्हणाल्या. "दिसला होता, गजभिये."